अंगठ्याखालच्या खाचा

अण्णांनी मला लेप लावायला सांगितला होता. फक्त लेप. घासायचं डोकं माझं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला सांभाळून घ्यायला नको.

अण्णा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि शेवटी त्याच डोळ्यांनी दगा दिला. आता खिडकी कुठे आहे तेवढं कळतं, बाकी सगळा अंधार. आई होती तोवर निभावलं. मागच्या हिवाळ्यात ती गेली आणि दादा हात धुवून मागे लागला, की माझ्याकडे चला. वहिनीने खोलीसुद्धा रिकामी करून ठेवली. अण्णांचं एकच, मला माझं स्वयंपाकघर पाठ आहे. शेवटी ठरलं असं की रविवारी दादा-वहिनी जेवायला येतील आणि अण्णा एकट्याने स्वयंपाक करतील. जमलं तर राहतील इथेच. नाही जमलं तर त्याच संध्याकाळी बॅग भरायची.

मी नेहमीप्रमाणे शनिवारी पोचले, दोन बस बदलून. ओट्यावरच्या उंच भांड्यात आईचे लाकडी चमचे, डाव आणि उलथनी उभी होती. पांढरी पडलेली, रखरखीत. अण्णा म्हणाले की तुझी आई दर तीन महिन्यांनी लेप लावायची, बरणी रिकामी झालीय, तेवढं कर. उद्यासाठी त्यांना ती हातात नीट हवी होती.

लेप सोपा आहे. वाटीभर मधमाश्यांचं मेण किसून घ्यायचं आणि चार वाट्या तेल. स्वयंपाकाचं तेल नाही, ते महिन्याभरात खवट होतं. औषधाच्या दुकानात मिळतं ते बिनवासाचं, पाण्यासारखं तेल. दोन्ही काचेच्या बरणीत घालून बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात उभी करायची आणि मेण विरघळेपर्यंत ढवळत राहायचं. आई एक थेंब थंड बशीवर टाकून बोटाने दाबून बघायची. लोण्याइतका मऊ लागला की गॅस बंद. मीही तसंच केलं. मेणाचा वास घरभर पसरला आणि मला आईची इतकी आठवण आली की मी मुकाट्याने पाण्याचा नळ सोडून उभी राहिले.

इथवर ठीक होतं. पण माझा स्वभाव मेला असा, की एखादी गोष्ट करायची तर लखलखीत. खरखरीत लाकडावर काय लेप लावायचा, म्हणून मी पॉलिशपेपर आणला. अण्णा आत झोपले होते. दांड्यांवर आडव्या खाचा होत्या, वेड्यावाकड्या, कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. शेवटी शेवटी आईचे हात थरथरायचे. सुरी लागली असणार, असं मनात आलं आणि माझे डोळे भरले. म्हणून मी जास्तच जोर लावला. आधी जाड कागद, मग बारीक. दोन तासांनी सगळे दांडे गुळगुळीत झाले. लेप चोळला आणि रात्रभर मुरायला ठेवला. अण्णांना बजावलं की सकाळपर्यंत हात लावायचा नाही, आज मी करते जेवण. सकाळी पुसून सगळं परत भांड्यात लावलं आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले.

दादा-वहिनी आले, टेबलाशी बसले. सूप उकळत होतं. अण्णांनी भाज्या सुरेख चिरल्या होत्या, मीठसुद्धा बोटांनी मोजून घातलं होतं. मग त्यांनी भांड्यातून डाव काढला आणि त्यांचा अंगठा दांड्यावर वरपासून खालपर्यंत फिरला. थांबला. पुन्हा फिरला. तो डाव ठेवून त्यांनी दुसरा घेतला, मग तिसरा. तिसरा नाकाशी नेऊन हुंगला आणि मी उभी होते त्या दिशेला त्यांनी तोंड वळवलं.

पातेल्याकडे वळून त्यांनी डाव आत घातला, आणि बोटं उकळत्या सुपात गेली.

दादा काही वाईट माणूस नाही. सगळ्यांत आधी तोच धावला, त्यांचा हात थंड पाण्याखाली धरून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "अण्णा, बस्स झालं आता."

"हो," अण्णा म्हणाले. "माझंच चुकलं. हात घसरला."

मला सगळं कळलं होतं. आणि खरं ते सांगते, क्षणभर मी मूग गिळून बसले. अण्णा दादाकडे गेले असते तर माझे शनिवार सुटले असते. कुणी मला नाव ठेवलं नसतं. अण्णांनी तर दोष स्वतःवर घेऊनही टाकला होता. पोरीला बोल लागू नये म्हणून हा माणूस आपलं घर सोडायला तयार होता, आणि मी त्याला सोडू देत होते. माझी मलाच लाज वाटली.

"दादा, हात घसरला नाही," मी म्हणाले. "दांड्यावर खाचा होत्या. मी काल घासून टाकल्या."

मग अण्णांनी सांगितलं. आईने जाण्याआधी महिनाभर बसून त्या कोरल्या होत्या. एक खाच असलेला दुधाचा, दोन असलेला सुपाचा, तीन असलेला कांदा-लसणाचा. आणि सगळ्यांत खालच्या खाचेच्या खाली अंगठा न्यायचा नाही, खाली चटका आहे. आम्हाला का नाही सांगितलं, असं दादाने विचारलं. अण्णा म्हणाले की यांना खुणा चाचपाव्या लागतात हे कळलं असतं तर तू तेव्हाच मला घेऊन गेला असतास. दादाने त्यांच्या लाल झालेल्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाला की पुढच्या रविवारी परत जेवायला येतो, तेव्हा ठरवू, आणि सूप फुकट घालवायचं नाही. जेवण वहिनीने वाढलं.

दुपारी मी सुरी घेऊन बसले. अण्णा शेजारी. कुठे कापायचं ते दुखऱ्या हाताने दाखवत होते. मी कोरत होते, ते नव्या खाचांत लेप भरत होते. आईच्या हाताची शेवटची खूण मी कागदाने पुसून कचऱ्यात टाकली होती, आणि ते मला रागावतसुद्धा नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी सुपाच्या डावावरून अंगठा फिरवला. दोनदा फिरवला.

"तिच्या जरा तिरक्या होत्या," ते म्हणाले. "तुझ्या सरळ आहेत. आठवडाभरात पाठ होतील."