दाराचं माप

मिस्त्रीने पाळणा तिसऱ्यांदा तिरका केला, गुडघ्याने रेटला, आणि तिसऱ्यांदाही तो दाराच्या चौकटीत अडकून बसला. त्याची बायको भिंतीला टेकून उभी होती. आठवा महिना सरत आला होता, पाय सुजून खांब झाले होते, आणि बोलायचं म्हटलं तरी दम लागत होता.

ती कसर सासूबाईंनी भरून काढली.

"जगाची स्वयंपाकघरं मापात बसवतोस," त्या खुर्चीतून म्हणाल्या, "आणि स्वतःच्या बाळाचा पाळणा दारातून जात नाही? गिऱ्हाइकांनी ऐकलं तर पोट धरून हसतील."

"दोन बोटांनी अडतोय."

"दोन बोटं असोत नाहीतर दोन हात. अडलाय ना?"

त्याने पाळणा खाली टेकवला. पहाटेपासून एका दुकानाची फळ्यांची कामं करून आला होता. केसांत अजून भुसा होता.

"खोलून आत नेऊन जोडता नाही येणार?" बायकोने विचारलं.

"स्क्रू कुठे लावलेत? लाकडात लाकूड बसवलंय, वर सरस. खोलायचा म्हणजे करवतच घालावी लागेल."

करवतीचं नाव निघताच तिने पाळण्याच्या कठड्यावर हात ठेवला. तीन महिने रोज कामावरून आल्यावर तो बाहेरच्या खोलीत यासाठी खपला होता. कठडा पॉलिश पेपरने इतका घासला होता की तिने गाल टेकवला तरी ओरखडा उठला नसता.

"दाराचं माप घेतलं नव्हतं?"

त्याने कानामागची पेन्सिल काढली, तिच्याकडे बघितलं आणि परत कानामागे खोचली.

"राहिलं."

राहिलं! कपाट करायला घेण्याआधी ते ज्या जिन्यावरून चढवायचं, त्या जिन्याचं वळण मोजणारा हा माणूस. बावीस वर्षांत त्याचं एकही माप चुकलं नव्हतं. राग तिच्या ओठांपर्यंत आला आणि तिथेच विरला. दार मोजायचं म्हणजे आधी त्या दारासमोर उभं राहावं लागतं, हे तिच्या लक्षात आलं.

दोन वर्षांपूर्वी ही खोली तो रंगवत होता. तिला सातवा महिना होता. तपासणीला म्हणून ती दवाखान्यात गेली, आणि तिथून त्याला फोन आला. दोघं रिकाम्या हातांनी घरी परतली तेव्हा कुणीतरी खोलीला बाहेरून कडी लावली होती. ती कडी आज सकाळी सासूबाईंनी काढली. त्याही दार ढकलून तशाच मागे फिरल्या होत्या.

आणि ती स्वतः तरी कुठे शहाणी होती? 'रविवारी झाडून घेऊ,' असं म्हणत तिने आठ रविवार घालवले होते. पडद्याचं कापड आणलं तेही खिडकीचा अंदाज बांधून. आताही तो पाळणा रेटत होता तो मान खाली घालून. आत काय आहे ते दिसू नये अशा बेताने.

"दार उतरवलं तर?" ती म्हणाली.

त्याने वर पाहिलं. उघड्या दाराच्या फळीच्या जाडीवर अंगठा ठेवला.

"जाईल."

पाळणा मागे घेऊन त्याने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच बिजागऱ्यांचे स्क्रू काढले. गंजलेले होते, एकेकाने घाम काढला. दार निखळलं तसं त्याने ते बाहेर भिंतीला लावून ठेवलं. सासूबाई पदर खोचून आत गेल्या आणि त्यांनी पलीकडून ओढलं, त्याने अलीकडून ढकललं. पाळणा सुतासारखा सरळ आत गेला. तो मात्र उंबऱ्यापाशीच थांबला.

ती आत गेली. भिंत खिडकीपर्यंत पिवळी होती, पुढे नुसताच पांढरा चुना. खाली डब्यात ब्रश वाळून दगड झाला होता. तिला रडू फुटलं. सासूबाईंनी डबा उचलला, सुनेच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि डबा घेऊन बाहेर गेल्या.

"दार बसवून टाकतो," बाहेरून तो घाईघाईने म्हणाला. "दहा मिनिटांचं काम आहे."

"नको."

"अगं, खोलीला दार नको?"

"नको. इथे पुन्हा काही बंद करायचं नाहीये." तिने पदराने डोळे पुसले. "कमरेत वाकून मला बाळाचे कपडे बदलता येणार नाहीत. त्या फळीचं टेबल करा. ह्या भिंतीला, खिडकीखाली."

तो भिंतीला लावलेल्या दारापाशी गेला. मग त्याने फळीवरून तळहात फिरवला, कडीपाशी थांबला, आणि कडीचे स्क्रू काढून ती खिशात टाकली.

"लांबी किती हवी?"

"मला काय विचारता? मिस्त्री तुम्ही की मी?"

त्याने कमरेचा टेप काढला. उंबऱ्यावर क्षणभर घुटमळला. मग आत येऊन, पिवळा रंग जिथे संपला होता तिथे टेपचं टोक धरलं.

"धर हे," तो म्हणाला. तिने ते बोटाने दाबून धरलं.