मांडून ठेवलेली बॅट

टणकन आवाज झाला. चेंडू लागला होता, चांगला लागला होता. पण सात वर्षांची ईशिता पळायच्या आधी खाली वाकली. दोन्ही हातांनी तिने बॅट मातीत आडवी ठेवली, पाटावर ताट मांडावं तशी, आणि मग जिवाच्या आकांताने पळत सुटली. तोवर चेंडू पहिल्या बेसवर कधीच पोचला होता.

"आउट," अंपायर म्हणाला, तेही जरा ओशाळूनच.

बेसबॉलचा कोच डॅन हसत कुंपणापाशी आला. "नीरजा, इतकी पोलाइट बॅटर मी आजवर बघितली नाही," असं काहीसं तो त्याच्या इंग्रजीत म्हणाला. बाकावरचे आईबाप मायेनेच हसले. नीरजाही हसली. पण तिला ठाऊक होतं, हे पोरीला शिकवलं कुणी. पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करायचा. ताट आदळायचं नाही. वस्तू भिरकावायची नाही, तिलाही लागतं. कॅनडातल्या ग्वेल्फच्या त्या टाउनहाउसमध्ये पोरीच्या तोंडातलं मराठी दर महिन्याला थोडं थोडं निसटत चाललं होतं. निदान हातातलं तरी राहू दे, म्हणून नीरजाने हे जपून रुजवलं होतं. आता त्याच हातांपायी पोर दर खेपेला आउट होत होती.

गाडीत ईशिता हेल्मेट मांडीवर घेऊन बसली.

"आय हिट इट, आई. आय ऑल्वेज हिट इट."

"हो गं राणी. बघितलं ना मी."

"एव्हरीबडी गॉट टु स्टँड ऑन द बेस. इव्हन कॉनर. अँड ही क्राइज." तिने हेल्मेट उलटं केलं. "आय डोन्ट वॉन्ट टु प्ले नेक्स्ट इयर."

नीरजाने आरशात बघितलं. पोर रडत नव्हती. तेच वाईट होतं. सीझनचा एकच सामना उरला होता.

संध्याकाळी ईशिताचा बाबा मिलिंद वॉन गावातल्या वेअरहाउसमधून कामावरून आला, तर मायलेकी बॅकयार्डात उभ्या. तो पायऱ्यांवर चहा घेऊन बसला.

"अर्धी चूक माझी आहे," तो म्हणाला. "मी बेसमेंटमध्ये सगळा विंटर तिला क्रिकेट शिकवलं. बॅट घेऊनच पळ, रेषेवर टेकव. डॅनने ते मोडलं, बॅट सोडून ये म्हणाला. तर ही मांडून यायला लागली."

"मांडायची नाही, टाकायची," नीरजा ईशिताला म्हणाली. "हे बघ, अशी." तिने बॅट फिरवली, पळायला पाऊल उचललं, आणि तिचेच गुडघे आपोआप वाकले.

"घ्या," मिलिंद म्हणाला. "गुरुमाउलीच मांडतायत."

"तू चहा पी."

"पितोय की. तुझ्याच्याने होईना, आणि पोरीला सांगतेस."

ईशिताला हसू आलं नाही. ती आईकडे रोखून बघत होती. "बट यू सेड डोन्ट थ्रो थिंग्ज. यू सेड दे गेट हर्ट."

"खेळात चालतं."

"मग खेळात हर्ट नाही होत?" या वेळी मराठीत आलं, म्हणजे प्रश्न खरा होता. "बॅटला माहितीये का, की हा खेळ आहे?"

मिलिंदने कपात तोंड लपवलं. नीरजा गवतात बसली. पोरीला खोटं सांगायचं नव्हतं, आणि आपलं सांगितलेलं खोडायचंही नव्हतं. तिने बॅट आडवी धरली, गुडघ्याएवढ्या उंचीवर.

"फेकायची नाही," ती सावकाश म्हणाली. "नुसता हात उघडायचा. खाली जमीन आहे ना? ती धरते."

तिने बोटं सैल केली. बॅट गवतात पडली, एकदा उसळली, गप्प झाली.

"द ग्राउंड कॅचेस इट?"

"हो. आपण वाकायची गरज नसते."

ईशिताने बॅट उचलली. हात उघडला. परत उचलली, परत उघडला. अंधार पडेपर्यंत तिचं हेच चाललं होतं.

शनिवारी मिलिंदने शिफ्ट बदलून घेतली होती. आयत्या वेळी दोन माणसं आली नाहीत आणि त्याला जावंच लागलं. "दुपारपर्यंत पोचतो," म्हणाला. नीरजा एकटीच कुंपणाशी उभी राहिली. कॅनडाच्या दीडशेव्या वाढदिवसाचे लाल कागदी झेंडे अजून जाळीला अडकलेले होते, उन्हाने विटून गुलाबी झालेले.

ईशिताची पाळी आली. पहिला चेंडू हुकला. दुसरा लागला, तोही धड नाही, जमिनीलगत सरपटत गेला. पोरीचे गुडघे वाकल्यासारखे झाले. खांदा खाली गेला. आणि मग हात उघडला. बॅट मातीत पडली आणि ईशिता तिच्याकडे न बघता पळाली. चेंडू आला तेव्हा तिचा पाय बेसवर होता.

"सेफ."

नीरजाने दोन्ही हात वर केले, नाव घेऊन हाक मारली. ईशिताने मान वळवली नाही. ती गुडघ्यांवर हात टेकून पुढच्या बेसकडे बघत होती. पाठोपाठ कॉनरने मारला, आणि ती दुसऱ्या बेसवर गेली.

मिलिंद पार्किंगमधून धावतच आला. पायात सेफ्टी शूज, गळ्यात कंपनीचं कार्ड.

"ट्रॅफिक होता गं चारशे एक हायवेवर. झाली का तिची पाळी? आउट?"

"नाही."

त्याने जाळीला बोटं लावून मैदान न्याहाळलं. सगळी पोरं एका मापाची, डोक्यावर सारखीच मोठी हेल्मेटं, पाठीवर ऊन.

"आपली कुठेय?"

नीरजाने त्याचा हात धरून दाखवलं.

"ती बघ," ती म्हणाली. "सगळ्यात लांबची."