क्वॉरी रोडचा फुटपाथ

आपल्या भागातलं काम आधी व्हावं असं कुणाला वाटत नाही? कुरंबीत दर वर्षी एप्रिल लागला की घराघरांत हाच विषय निघतो. जुलैपासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षात नगरपालिका कोणती कामं हाती घेणार, हे त्याच दिवसांत ठरतं. आधी लोकांची पत्रं येतात, मग सात नगरसेवक बसून पसंती देतात आणि शेवटी सभेत मतदान होतं. बाहेरून हे फार सरळ दिसतं. पण नागरिकहो, त्या सात खुर्च्यांवर तुमच्याआमच्यासारखीच माणसं बसलेली असतात.

नोरीन ब्रॅकेन त्या सातांत सगळ्यांत जुनी. नऊ वर्षं ती एकच गोष्ट मागत होती, पोहण्याच्या तलावावर छप्पर. मे महिन्यात थंडी सुरू झाली की तलावाला कुलूप लागायचं ते थेट ऑक्टोबरात निघायचं. दर वर्षी ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून तिची बोळवण व्हायची. यंदा मात्र आपली पाळी आली, अशी तिची खात्री होती.

आणि नेमका यंदाच सेमिसी फिफिता मध्ये आला. टोंगा बेटांवरून लहानपणी आलेल्या, शाळेची बस चालवणाऱ्या या दांडग्या माणसाला निवडून येऊन जेमतेम सात महिने झाले होते. त्याची मागणी होती क्वॉरी रोडला, म्हणजे खाणीकडे जाणाऱ्या रस्त्याला, फुटपाथ हवा, वस्तीपासून दवाखान्यापर्यंत, मधल्या ओढ्यावर पायी चालणाऱ्यांसाठी छोटा पूल धरून.

पसंतीच्या दिवशी भिंतीवर कामांची यादी लावली होती. प्रत्येकाला पाच हिरव्या टिकल्या मिळाल्या. हव्या त्या कामापुढे चिकटवायच्या, कुणी कुठे लावल्या हे कुणी विचारायचं नाही. शेवटी मोजल्या तर छपराला दहा आणि फुटपाथलाही दहा! दोन्ही कामं मोठी, एका वर्षात एकच बसणार होतं. चहाच्या वेळी सगळे सेमिसीभोवती जमले. तो काहीतरी बोलला आणि महापौरबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. नोरीन खिडकीशी उभी राहून एकटीच सँडविच खात होती. आपण नऊ वर्षांत या बाईला एकदाही हसवलं नाही, हे तिला त्या क्षणी फार लागलं.

त्यानंतर सेमिसीचं सगळंच तिच्या डोळ्यांत खुपायला लागलं. त्याचा मोठा आवाज, त्याचे फुलाफुलांचे शर्ट, रस्त्यात थांबून प्रत्येकाशी बोलणं. बेकरीत तिच्याच प्रभागातली एक बाई तिला म्हणाली, “नोरीन, आमच्या कोपऱ्यावरचा दिवा गेलाय. जरा सेमिसीला सांगशील का?” नऊ वर्षं ते दिवे नोरीनच दुरुस्त करून घेत होती. ती हसून हो म्हणाली आणि पाव न घेताच बाहेर पडली.

पण खरा घाव पुढेच होता. लोकांच्या पत्रांचा गठ्ठा चाळताना तिला ओळखीचं अक्षर दिसलं. तिच्या थोरल्या बहिणीचं, ग्लेनिसचं. मायना होता, ‘प्रिय सेमिसी’. सख्खी बहीण नगरसेविका असताना ग्लेनिसने फुटपाथसाठी परक्या माणसाला लिहावं! नोरीनच्या अंगाची लाहीलाही झाली.

दुसऱ्याच दिवशी कॉफी घेताना तिने दोन सहकाऱ्यांपाशी विषय काढला. सेमिसीची मावशी क्वॉरी रोडलाच राहते ना, फुटपाथ झाला की तिकडच्या घरांचे भाव वाढतील, नाही का? मी काही म्हणत नाही, सहज मनात आलं. मावशी तिथे राहत होती हे खरं होतं. ती भाड्याने राहत होती, हेही नोरीनला ठाऊक होतं. तेवढं मात्र तिने सांगितलं नाही.

आठवड्याभरात गोष्ट गावभर झाली. सेमिसीने सगळ्यांना पत्र पाठवलं. नियम मला मत द्यायला अडवत नाही, पण संशय नको, मतदानाच्या वेळी मी सभागृहाबाहेर जाईन, असं त्यात होतं. नोरीनने मनातल्या मनात मतं मोजली. उरलेल्या सहांत चार छपराच्या बाजूची निघत होती.

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी ती क्वॉरी रोडला ग्लेनिसकडे गेली. तुझं पत्र वाया गेलं, एवढं तरी तिला ऐकवायचं होतं. ग्लेनिस म्हणजे निवृत्त नर्स, वय चौऱ्याहत्तर, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. ती दवाखान्यात निघाली होती. नोरीनने गाडीतून सोडते म्हटल्यावर तिने विचारलं, “उद्या येशील? परवा?” आणि वॉकर घेऊन ती चालायलाच लागली. नोरीनला मागे जावं लागलं.

रस्त्याच्या कडेला नुसती खडी होती. वॉकरची चाकं दर चार पावलांवर रुतत होती. खाणीचे ट्रक जवळून जात, तेव्हा ग्लेनिस थांबून वॉकर घट्ट धरायची, धुरळा बसला की पुन्हा चालायची. ओढ्यावरच्या अरुंद पुलापाशी तर तिने कान देऊन ट्रक येत नाही याची खात्री केली आणि मगच पाऊल टाकलं.

“हे तू मला का नाही सांगितलंस?” नोरीनने शेवटी विचारलं.

“दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तू मला तलावाचं ऐकवलंस.”

नोरीन म्हणाली की तलावही लोकांसाठीच आहे, नऊ वर्षं ती काही स्वतःसाठी भांडत नव्हती. ग्लेनिस थांबली. तिने बहिणीकडे नीट पाहिलं.

“तलाव चांगलाच आहे गं. पण तुला छप्पर हवंय, की ते तू आणलंस असं लोकांनी म्हणायला हवंय? हाच फुटपाथ तू मागितला असतास, तर तुला तो इतका सलला असता?”

नोरीनला राग आला. दवाखान्याच्या दाराशी बहिणीला सोडून ती मागे वळली. गाडी ग्लेनिसच्या घरी होती, म्हणून तोच रस्ता तिला एकटीला परत चालावा लागला. पुलावर एक ट्रक इतका जवळून गेला की ती कठड्याला चिकटून उभी राहिली. तरीही, उद्या हात छपरासाठीच वर करायचा, असंच ती स्वतःला बजावत होती.

सभेत फुटपाथचा विषय निघाला तसा सेमिसी उठला. जाताना दोन शब्द बोलण्याची परवानगी त्याने मागितली.

“माझ्या बसमधल्या निम्म्या मुलांना पोहता येत नाही. यंदा जे काही ठरवाल ते ठरवा, पण छपराचं काम यादीतून काढू नका. माझ्या पाचांतल्या दोन टिकल्या मी त्याच्यापुढेच लावल्या होत्या.”

दार त्याच्यामागे बंद झालं. नोरीन त्या दाराकडे बघत राहिली. तिने तिच्या पाचही टिकल्या छपरापुढे लावल्या होत्या. यादीतलं दुसरं एक नाव तिने वाचलंही नव्हतं. आणि ज्या दहा टिकल्यांचा तिला एवढा अभिमान होता, त्यांतल्या दोन त्या माणसाच्या होत्या!

महापौरबाईंनी मतदान पुकारलं, तेव्हा ती उभी राहिली. ती म्हणाली, “ती मावशीची गोष्ट मी पसरवली. तिचं तिथे घर नाही, ती भाड्याने राहते. मला ते माहीत होतं.” खुर्च्या करकरल्या, कुणीतरी हं केलं. तिने पुढे सांगितलं की काल ती तो रस्ता चालली, तिचं मत फुटपाथला आहे. फुटपाथच्या बाजूच्या दोघांचे हात वर होतेच, तिच्यामागोमाग आणखी दोन वर आले. फुटपाथ मंजूर झाला. छप्पर पुढच्या वर्षाच्या यादीत गेलं, पुन्हा एकदा.

बाहेर सेमिसी बाकावर बसला होता. आपण काय केलं ते नोरीनने त्याला स्वतःच्या तोंडाने सांगितलं आणि माफी मागितली. तो हसला नाही. म्हणाला, “मावशी दोन रविवार चर्चमध्ये गेली नाही. लोक बघतात म्हणाली. माफी तिची माग.”

शनिवारी नोरीन गेली. मावशीचं नाव मेले. तिने सगळं ऐकून घेतलं, बस म्हटलं नाही, पण दारही लावलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, “उद्या दहाला चर्च असतं. तू सोबत आलीस तर मी येईन.”

रविवारी सकाळी दोघी क्वॉरी रोडच्या खडीतून चालत गेल्या, मेले पुढे आणि नोरीन मागे, कारण दोघींना शेजारी चालायला तिथे जागाच नव्हती.

नागरिकहो, गावाच्या कामांची यादी कागदावर बनते, पण ती बनवणाऱ्याच्या मनात मत्सर शिरला की त्याला चांगलं कामसुद्धा शत्रूचं दिसायला लागतं. आपल्या पुढच्या सभेत हात वर करण्याआधी प्रत्येकाने स्वतःला एकच विचारावं, मला हे काम नकोय, की ते मागणारा माणूस नकोय? या प्रश्नाचं खरं उत्तर देता आलं, तरच आपलं मत गावाचं.