सासूबाईंची सवत

लग्न ठरवताना मुलाकडच्यांनी काही लपवलं नव्हतं. मुलगा कागदाच्या कारखान्यात मशीनवर आहे, घर लहान पण स्वतःचं आहे, सासू तोंडाने फटकळ असली तरी मनाने निर्मळ आहे, हे सगळं सांगून झालं होतं. एकच गोष्ट सांगायची राहिली. नवी सून घरात रुळलीही नव्हती, तोच एका संध्याकाळी सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "आले नाहीत अजून. सवतीकडे रमले असतील."

सून भाजी निवडत होती. तिने पानं टाकून दिली आणि देठं टोपलीत ठेवली.

रात्री नवऱ्याला विचारायचा धीर झाला नाही, पण तिचा चेहरा पाहून तोच हसत म्हणाला, "उद्या चल माझ्याबरोबर. धाकट्या सासूबाईंना भेटवतो. पण जरा लांब उभी राहा, त्या फार तापट आहेत."

धाकट्या सासूबाई म्हणजे एक लोखंडी गोळा निघाला. दोन माणसं एकावर एक उभी राहिली तरी आत मावतील एवढा, अंगभर रिबिटांच्या पुळ्या उठलेला, दोन बाजूंना दोन जाड दांड्यांवर टांगलेला. वरच्या झाकणातून त्यात पेंढा कोंबायचा, चुन्याचं पाणी ओतायचं, झाकण आवळायचं आणि दांडीतूनच आत वाफ सोडायची. मग तो गोळा जेवून सुस्तावलेल्या माणसासारखा हळूहळू कूस बदलत फिरत राही आणि आतल्या पेंढ्याचा मऊ लगदा होई. कंपनीने त्यावर पितळी पाटीवर डायजेस्टर असं नाव कोरलं होतं. पण सासूबाईंनी एकदा रागाच्या भरात "ती माझी सवतच" म्हटलं, आणि तेव्हापासून अख्खा कारखाना, मुकादमासकट, त्या गोळ्याला सवत म्हणू लागला. "सवतीला वाफ लाव", "सवतीचं पोट भरलं का", असं सर्रास चाले.

सासरे त्या गोळ्याचे वस्ताद होते. वाफेचा काटा होता, घड्याळही होतं, पण पेंढा काही रोज एकसारखा नसतो. कधी जुना, कधी ओला, कधी नुसता काड. त्यामुळे घाणा शिजला की नाही ते शेवटी नाकच सांगे. वस्ताद मधूनमधून एक छोटी तोटी उघडत, वाफेचा एक फुत्कार बाहेर येई, आणि ते डोळे मिटून हुंगत. आधी ओल्या गोठ्याचा वास, मग चुन्याचा घशात बसणारा, आणि सगळ्यात शेवटी भाजलेल्या कणसासारखा गोडसर. तो आला की, "बस. उतरवा." त्या शब्दावर वाद घालायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

पुढे सूनही कारखान्यात लागली. बायका मागच्या अंगणात पेंढा झाडून कापत. धुरळा नाकातोंडात जाऊ नये म्हणून प्रत्येकीच्या तोंडाला फडकं असे. सुनेचं लालभडक होतं, जुन्या रजईच्या खोळीचं. सवतीची तोटी उघडली की वाफ एका नळातून भिंतीबाहेर येई, ती थेट या अंगणात. पहिल्या महिन्यात तिला मळमळलं, मग सवय झाली, आणि मग न बघता कळू लागलं की आत काय चाललं आहे. शेजारणीच्या चुलीवर काय शिजतंय ते आपल्याला भिंतीआडून कळतं, तसंच.

त्या वर्षी हिवाळ्यात वस्तादांना मोठं पडसं झालं. पडसं गेलं. बरंचसं दुसरंही काही घेऊन गेलं, हे सुनेला एका सुट्टीच्या दिवशी कळलं. ती विहिरीवरून येते तर दारातच करपल्याचा भपकारा. चुलीवर दूध उतू जाऊन पातेलं कोळशासारखं झालेलं, आणि हातभर अंतरावर मामंजी चपलेचा अंगठा शिवत शांत बसलेले.

"मामंजी, दूध."

"काय झालं दुधाला?" ते मान वर न करता म्हणाले.

तिने पातेलं उचललं, खिडकी उघडली, आणि त्यांच्याकडे पाहत राहिली. त्यांनी सुई थांबवली.

"सासूला सांगू नकोस," ते म्हणाले.

"दुधाचं?"

"दुधाचं सांग."

त्यांच्या बोलण्यात एवढं आर्जव तिने कधी ऐकलं नव्हतं. कारण तिला ठाऊक होतं. फाटकावरचा म्हातारा राखणदार लेकीकडे राहायला गेला होता, त्याचं स्टूल रिकामं होतं, आणि मुकादम त्या स्टुलावर बसवायला माणूस शोधत होता. नाक गेलेल्या वस्तादाची जागा तीच. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करायचा आणि पाठीमागे आपल्या गोळ्याची घरघर दुसऱ्याच्या हाताखाली ऐकायची.

"मग इतके दिवस कसं भागवलंत?"

"अंदाजाने. काटा बघतो, घड्याळ बघतो, डोळे मिटून हुंगल्यासारखं करतो. आणि देवाचा धावा करतो." ते कसनुसं हसले. "परवाचा घाणा जरा जास्तच शिजला. मशीनवर कागद दोनदा तुटला. तुझा नवरा पेंढ्याला शिव्या देत होता. बापालाच देतोय हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून मनापासून देत होता."

सूनही हसली, आणि हसता हसताच तिने तोड काढली. वस्तादांच्या चौथऱ्यावरून एका खिडकीतून अंगण दिसे. घाणा शिजला की ती तोंडावरचं लाल फडकं सोडून पेंढा उचलायच्या, ढिगात उभ्या खुपसलेल्या लांब दांड्याच्या काट्यावर अडकवणार. फडकं दिसलं की वस्ताद डोळे मिटून तोटी हुंगणार आणि म्हणणार, "बस. उतरवा."

ही युक्ती अशी चालली की विचारू नका. लगदा लोण्यासारखा येऊ लागला. मुकादम म्हणाला, "वस्ताद, पडशानं तुमचं नाक साफ झालं वाटतं." वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. अंगणात सून पेंढा झाडत होती, तिला उगाच खोकला आला.

तिच्या शेजारी काम करणाऱ्या बाईला सगळे तोफ म्हणत. ती हळू बोलली तरी पलीकडच्या गल्लीतली कुत्री जागी होत. एकदा तोफेचं फडकं काट्यात अडकून टरकलं. धुरळा तर उठलेला. सुनेने मागचापुढचा विचार न करता आपलं लांबरुंद फडकं मधोमध फाडलं आणि अर्धं तिला दिलं. "घे गं, रजई मोठी होती." तोफेने आशीर्वाद दिला, तो मुकादमाला त्याच्या खोलीत ऐकू गेला. आपण काय करून बसलो हे सुनेच्या ध्यानीमनीही आलं नाही. वस्तू दिली की विसरून जायचं, अशीच तिची शिकवण होती.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलंच होतं. सकाळचा घाणा नुकता कुठे तापला होता. सून विळ्याला धार लावायला छपराखाली गेली. इकडे तोफेला घामाने नकोसं झालं, तिने फडकं सोडलं, पिळलं, आणि वाळायला टाकलं. कशावर टाकणार? समोर काटा होताच.

सून धार लावतेय तोच भिंतीतल्या नळातून मोठा फुत्कार निघाला. एवढी वाफ सोडतात ती फक्त घाणा उतरवायच्या आधी. तिने नाक वर केलं. गोठा. नुसता ओला गोठा. मग तिची नजर काट्याकडे गेली, आणि ती हातातला विळा टाकून धावत सुटली. पण वाफ सुटायला वेळ लागला तसा अंगणाला वळसा घालून यायलाही लागला. ती आत पोचली तेव्हा झाकण निघालं होतं, सवत उलटी झाली होती, आणि खालच्या हौदात धपाधपा पडत होता तो लगदा नव्हता. पिवळाजर्द, ताठ, वाफाळता पेंढा होता.

मुकादमाने एक काडी उचलून वाकवली. ती ताड्कन मोडली.

"वस्ताद," तो म्हणाला, "हे म्हशीपुढे टाकलं तर म्हैस माझ्याकडे तक्रार घेऊन येईल."

वस्ताद चौथऱ्यावर नुसते उभे होते. त्यांनी एकदाच सुनेकडे पाहिलं. तिने मान हलवली, मी नव्हे.

कच्च्या घाण्याला एकच इलाज. पुन्हा भरायचा. हातातली कामं टाकून सगळे जमले. मशीन थांबलं म्हणून नवरा आला, अंगणातल्या बायका काटे-टोपल्या घेऊन आल्या. गरम पेंढ्याच्या वाफेने एकमेकांची तोंडं दिसेनात. कुणी कुरकुरलं, कुणी म्हणालं, "सवतीला आज अजीर्ण झालं," त्यावर दुसरं म्हणालं, "नवऱ्याने भरल्या ताटावरून उठवलं, ओकेल नाही तर काय?" हसतखिदळत टोपल्या हातोहात वर जाऊ लागल्या. वर वस्ताद स्वतः टोपल्या घेत होते.

टोपली द्यायला तोफ शिडीवर चढली. तोंडाला लाल फडकं. तिच्या मागे सून. तोंडाला लाल फडकं.

वस्तादांचा हात हवेतच राहिला. त्यांनी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. मग त्यांच्या मिशा थरथरल्या. मुकादमाला वाटलं म्हातारा रडतोय. पण ते हसत होते. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईतो हसत होते, आणि शेवटी टोपली पालथी घालून तिच्यावरच बसले.

"अहो, झालं काय?" मुकादम म्हणाला.

"मुकादम, माझं नाक पडशातच गेलं." एवढं बोलून त्यांनी श्वास घेतला. "तेव्हापासून मी फडकं बघून घाणा उतरवतोय. नाक सुनेचं, थाप माझी. आज निशाणं दोन झाली."

कुणी हसेना. सुनेला वाटलं, आता स्टूल.

"म्हणजे ते लोण्यासारखे घाणे?" मुकादमाने विचारलं.

"तिचे."

"आणि कागद तुटला होता तो?"

"तो माझा."

"आणि मी शिव्या घातल्या त्या?" नवरा मागून म्हणाला.

"पोचल्या," वस्ताद म्हणाले. तेव्हा सगळे हसले. मग ते उठून उभे राहिले. "फाटकाचं स्टूल मोकळं आहे ना? जातो. फक्त हा घाणा नीट उतरू दे."

मुकादम कानशील खाजवत राहिला. माणूस कडक होता, पण हिशोबी डोक्याचा नव्हता. "आधी घाणा उतरू दे," तो म्हणाला. "सूनबाई, वर या. आता चोरून नको, समोर हुंगा."

सून वर चढली. झाकण आवळलं गेलं, सवत फिरू लागली, वेळ गेला. वस्तादांनी तोटी उघडली. गरम वाफ फस्सकन तिच्या तोंडावर आली आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं. वास असा काही नव्हताच, नुसता चटका होता. तिने पुन्हा घेतला. पुन्हा तेच. सगळे खालून माना वर करून बघत होते, आणि तिच्या डोक्याचा रिकामा हंडा झाला होता.

"काय?" मुकादमाने विचारलं.

ती शिडी उतरली. लोकांना वाटलं हार मानून निघाली. तिने दार ओलांडलं, अंगण ओलांडलं, पेंढ्याच्या ढिगापाशी आपल्या नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली आणि नळाकडे तोंड केलं. तोफही तिच्या मागोमाग आली होती. इथे वाफ निवून येई, वाऱ्यात विरघळून येई. तिने डोळे मिटले. चुना. अजून चुनाच.

"तोफे," ती म्हणाली, "सांग त्यांना, अजून नाही."

"अजून नाहीऽऽ," तोफ गरजली. आत मुकादमाच्या हातातला चहा सांडला.

पुन्हा तोटी, पुन्हा तोच निरोप. मग एकदा वाऱ्याच्या झुळकीबरोबर तो वास आला. पुसट, गोडसर, निखाऱ्यावर कणीस फिरवावं तसा. सून हसली. "आता."

या वेळी उलट्या सवतीतून जे पडलं ते निमूटपणे, जाडसर साईसारखं हौदात पसरलं. वस्ताद खाली उतरले. त्यांनी चिमूटभर लगदा घेतला, अंगठ्यावर घासला, उजेडाकडे धरला. बोटं काही पडशाने नेली नव्हती. त्यांनी चिमूट मुकादमापुढे धरली.

मुकादमाने पाहिलं, चोळलं, आणि पाटलोणीला हात पुसले. "फाटकावर दुसरा कुणीतरी बघतो मी," तो म्हणाला. "तुम्ही तिथे बसलात तर दिवसभर मागे वळून बघाल आणि गाड्या भिंतीवर जातील. तुमचे हात इथे, सूनबाईंचं नाक तिथे. फडकी मात्र बंद. मध्ये तोफ आहे."

संध्याकाळी तिघं घरी निघाली. वाटेत ठरलं, सासूबाईंना आपणच सांगायचं, दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. वस्ताद घसा साफ करत करत दारात पोचले आणि बोलायला तोंड उघडणार तोच सासूबाई म्हणाल्या, "कळलं. तोफ गल्लीत येऊन गेली."

"म्हणजे..." वस्ताद म्हणाले.

"म्हणजे काय म्हणजे? तिने सांगायच्या आधीच ठाऊक होतं मला. एवढी वर्षं तिकडून आलात की आधी आंघोळ, मग ताट. स्वतःच्या अंगाचा वास स्वतःलाच सहन व्हायचा नाही तुम्हाला. पडसं झालं, बरं झालं, आणि एक दिवस थेट पाटावर येऊन बसलात. तेव्हाच कळलं."

सून चकित झाली. "मग आई, तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? बोलले असते तर हे फाटकावर गेले असते." सासूबाईंनी पाणी तापत ठेवलेलं भांडं चुलीवरून उतरवलं. "सवत झाली म्हणून काय झालं? कुणाचं घर मोडायचं नसतं."

मग त्यांनी टॉवेल नवऱ्याच्या खांद्यावर टाकला आणि स्वतःचं नाक पदराने धरलं. "आता व्हा आत. माझं नाक शाबूत आहे."