दोनदा उमटणारा आठ

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे आणि ही गोष्ट मी एका बंद खोक्यातून सांगतो आहे. खोकं माळ्यावर आहे. माझ्या अंगावर एक मोडका टेबलफॅन आहे. माझी वायर माझ्याच भोवती गुंडाळून तिला रबर लावलं आहे. इथून दिसत काही नाही. ऐकू मात्र सगळं येतं, कारण माळ्याच्या बरोबर खाली बाईंची खोली आहे.

आत्ता खाली बटणं वाजताहेत. माझी नव्हेत. नव्या लॅपटॉपची, चपटी, दबक्या आवाजाची. तरी त्यांचा ताल मी ओळखतो. मग बाईंचे जावई मोठ्याने वाचतात:

•••••••••••••
चुकीचा पासवर्ड. उरलेले प्रयत्न: सहा.

बाई बरोबर टाइप करताहेत. या घरात हे ठाऊक असलेला मी एकटाच आहे.

पण असं मधूनच सुरू करून चालणार नाही. जन्मापासून सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका लोखंडी बोटाने माझं प्रत्येक बटण दाबून पाहिलं आणि माझ्या पोटावर 'तपासले' असा शिक्का बसला. तेव्हापासून मला पुन्हा कुणी तपासलं नाही. मी बाईंच्या टायपिंग क्लासमध्ये आलो. सहा टेबलं होती, सातवं बाईंचं, त्यावर मी. बाई छडी ठेवत नसत. त्यांचा आवाज पुरे होता. "मान वर! बटणांकडे काय बघतेस, ती कुठे पळून जाणार आहेत?" रस्त्यावरून जाणारी माणसंसुद्धा मान वर करत.

पुढे क्लास बंद पडला. टेबलं गेली, खुर्च्या गेल्या. मला मात्र बाईंनी पिशवीत घालून घरी आणलं. लोकांचे अर्ज, करारनामे, प्रबंध असं काय काय आम्ही दोघांनी मिळून टाइप केलं. लेकीने नवा कीबोर्ड देऊ केला की त्या म्हणत, "दुसऱ्यावर हात बसत नाही माझा." मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला मिळालेली शाबासकी ती एवढीच.

मग बाईंना खोकला लागला. काही केल्या जाईना. एका दुपारी त्या माझ्यासमोर बसूनच औषध घेत होत्या. चमचा हलला आणि दोन थेंब माझ्या आठच्या बटणावर पडले. बाईंनी पदराने वरवर पुसलं. आतलं आतच वाळलं. त्या दिवसापासून आठ एकदा दाबला की माझ्याकडून दोनदा उमटतो. दर वेळी, न चुकता. मी थांबवू शकत नाही. उचकी कुणाला थांबवता येते का?

बाईंना पडद्यावर दोन आठ दिसायचे. त्या एक खोडायच्या आणि स्वतःलाच म्हणायच्या, "बोट जड झालंय गं बाई तुझं." दोष त्यांनी बोटाला दिला. माझ्यावर एकदाही संशय घेतला नाही.

•••••••••••••
चुकीचा पासवर्ड. उरलेले प्रयत्न: चार.

"आई, नीट आठव ना गं," लेक म्हणते आहे. तिचा आवाज चिरका झाला आहे.

ही लेक एका कंपनीत संगणकांच्या सुरक्षेचं काम बघते. त्याच महिन्यात ती आईकडे आली आणि माझ्या पोटाखाली चिकटवलेला कागद तिने ओढून काढला. त्यावर बाईंचा पासवर्ड होता. बँकेचा, विजेच्या बिलाचा, ईमेलचा, पेन्शनचा, सगळीकडे तोच एक.

"अगं आई, असाच कागद लावायचा तर चोराला चहा पण करून ठेव!"

"मला नाही लक्षात राहत दहा-दहा, ठमे."

"मग एका वहीत लिही आणि ती वही कुलपात ठेव. पण पासवर्ड प्रत्येकाचा वेगळा हवा आणि लांबलचक हवा."

बाई हट्टाला पेटल्या. वही नको म्हणाल्या. दोन दिवस बसून त्यांनी सगळे पासवर्ड बदलले आणि सगळे पाठ केले, जसे क्लासमधल्या मुलींकडून धडे पाठ करून घ्यायच्या तसे. त्यातल्या काहींत आठ होता. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर अक्षरं दिसत नाहीत, नुसते ठिपके दिसतात. दोन आठ पडले हे कुणाला दिसणार? खात्रीसाठी तो पुन्हा टाइप करायचा असतो. बाईंनी केला. मी पुन्हा दोनदा उमटवला. दोन्ही जुळले.

नंतर दुखण्याचं नाव कळलं. डॉक्टरांनी सांगितलं, घशातली स्वरपेटी काढावी लागेल. आवाज जाईल. पण त्याआधी आवाज साठवून ठेवता येतो, शब्द शब्द, वाक्य वाक्य. मग बाईंनी टाइप केलं की यंत्र त्यांच्याच आवाजात बोलेल.

सव्वीस दिवस बाई बोलल्या. हो. नाही. पाणी. पुरे. कोण आहे? लवकर ये. जेवलीस का? खोकला आला की थांबायच्या आणि परत बोलायच्या. ते सगळं एका छोट्या डिस्कमध्ये गेलं. लेकीने डिस्कला कुलूप घातलं. पासवर्ड बाईंनी ठरवला, माझ्यावर. त्यात एक आठ होता.

"दहा वेळा चुकलं की आतलं सगळं आपोआप पुसलं जातं," लेक म्हणाली होती. "चोरासाठी आहे ते. तुला काय भीती!"

शस्त्रक्रिया झाली. बाई घरी आल्या तेव्हा टेबलावर नवा लॅपटॉप होता. लेकीने कौतुकाने आणला होता. आणि मी इथे.

काही पासवर्ड चालले, काही नाही. बँकेचा अडला, तो फोनवर निरोप मागवून बदलता आला. पेन्शनचाही बदलला. लेक म्हणाली, "बघ, निम्मे विसरलीस." जावई म्हणाले, "भुलीच्या औषधाने होतं असं, या वयात." बाईंनी पाटीवर काहीतरी लिहिलं. खडूचा आवाज आला. लेकीने वाचलं, "मला आठवतंय."

डिस्कला विचारायला मात्र कुणी नव्हतं. तिचा पासवर्ड बदलून देणारी कंपनी नाही, फोन नाही. जावयांनी गॅसचं बटण बंद केलं का हे दोनदा बघायला सुरुवात केली. किल्ल्या बाईंच्या हाती देईनात. मी वरून ओरडतो, मला एकदा जोडा! माळ्यावर आवाज फक्त झुरळांचा होतो.

•••••••••••••
चुकीचा पासवर्ड. उरलेले प्रयत्न: एक.

त्यानंतर तीन आठवडे कुणी बटण दाबलं नाही. खडूचा आवाजही कमी कमी होत गेला.

आज सकाळी भंगारवाला आला. खोकं खाली उतरलं. उजेड! बाई दिसल्या. गळ्याशी पांढरी पट्टी, नजर खाली. पंखा गेला, रद्दी गेली. माझी पाळी आली तेव्हा लेक म्हणाली, "थांबा काका, चालत असेल तर वरच्या मजल्यावरच्या मुलीला देऊ." तिने रबर काढलं आणि मला लॅपटॉपला जोडलं. एका बोटाने ती एकेक बटण दाबत गेली. पाच. सहा. सात. आठ.

"शी! हा आठ दोनदा मारतोय. द्या टाकून."

बाईंनी मान वर केली. उठल्या, पाटी ओढली आणि घाईत लिहिलं: तू एकदाच दाबलंस?

"एकदाच. हे बघ." तिने पुन्हा दाबलं. दोन आठ. जावयांनी दाबलं. दोन आठ.

बाई कितीतरी वेळ त्या आठांकडे बघत राहिल्या. मग स्वतःच्या बोटाकडे. मग त्यांनी डिस्क उचलून लेकीसमोर धरली.

"आई, शेवटचा आहे. हा चुकला तर संपलं सगळं." लेकीचा हात पुढे होईना.

बाईंनी स्वतःच डिस्क जोडली आणि मला जवळ ओढलं.

मित्रांनो, आत्मकथेच्या शेवटी उपदेश करायची पद्धत आहे. तो मी इथेच उरकून घेतो, कारण पुढच्या मिनिटात काय होईल हे मला ठाऊक नाही. पासवर्ड लांब ठेवा. प्रत्येक कुलपाला वेगळा ठेवा. एका वहीत लिहा, वही कुलपात ठेवा, आणि ती कुठे आहे हे विश्वासातल्या एका माणसाला सांगा. पाठांतराचा हट्ट करू नका. आणि एखादं माणूस 'मला आठवतंय' म्हणालं, तर त्याला विसराळू म्हणण्याआधी त्याच्या हाताखालचं यंत्र एकदा तपासा. आमच्यावर वयाचा आरोप कुणी करत नाही. तो नेहमी माणसावर होतो.

बाईंची बोटं माझ्यावर आली. थंड होती. एक अक्षर, दुसरं, तिसरं. आयुष्यभर मला कधी काही ठरवता आलं नाही. आताही नव्हतं. आठ दाबला गेला. वाळलेल्या औषधाने मला धरलं, सोडलं, पुन्हा धरलं.

••••••••••••••

ठिपके थांबले. पडदा रिकामा झाला. जावई काही वाचेनात.

मग पडद्यावर साठवलेल्या शब्दांची लांबच लांब यादी उघडली. हो. नाही. पाणी. पुरे.

लेकीने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "तू विसरली नव्हतीस," ती म्हणाली. "आई, तू काहीच विसरली नव्हतीस."

दारातून भंगारवाल्याने हाक दिली, "ताई, पोतं बांधतो मी. तो कीबोर्ड देताय ना?"

बाईंनी माझ्यावर एक शब्द टाइप केला. यादीत तो सापडला. त्यांनी एंटर दाबलं.

"नाही."

सहा टेबलांपलीकडे जाणारा, खणखणीत आवाज. भंगारवाल्याच्या हातातली सुतळी सुटली.

"कोण बोललं?"

"आई," लेक रडता रडता म्हणाली. "आई बोलली, काका."