वाढत्या अंगाचा फ्रॉक

गल्लीतल्या शिंपीणबाईंचा एक नियम होता. लहान मुलांचे कपडे शिवायचे ते वाढत्या अंगाने. खाली चांगला रुंद दाब आत मुडपून ठेवायचा, म्हणजे पोर उंच झालं की टाके उसवून कपडा लांब करता येतो. लोकांच्या पोरांना टेप लावल्याशिवाय ही बाई कात्रीला हात लावत नसे. स्वतःच्या लेकीचे, चिमणीचे, कपडे मात्र ती नुसत्या नजरेने बेतायची. घरच्या पोरीची कसली मापं घ्यायची? वर पुन्हा फुशारकी होतीच, "आमच्या चिमणीला कपडे कसे पुरतात बघा!" दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

एका सकाळी शेजारची नळवाली, म्हणजे नळदुरुस्तीवाल्याची बायको, पिवळा फ्रॉक घेऊन आली.

"बाई, एवढा उसवून द्या हो. गुडघ्याच्या वर गेलाय. कार्टी नुसती वाढतेय!"

नळवालीची मुलगी आणि चिमणी एकाच आठवड्यात जन्मलेल्या. दोघी भिंतीला धरून उभ्या राहायला लागल्या तेव्हा शिंपीणबाईंनी एकाच पिवळ्या तुकड्यातून दोन फ्रॉक बेतले होते. त्यांनी टाके उसवले. आतलं कापड नव्यासारखं पिवळंधमक निघालं. तेवढ्यात चिमणी दुडुदुडु आली. तिच्या अंगात तोच फ्रॉक होता, धुऊन धुऊन विटलेला, पार पोटऱ्यांपर्यंत लोंबणारा. खालचा दाब शिवला तसाच होता.

शिंपीणबाईंचा हात थांबला. गळ्यातली टेप काढून त्यांनी पहिल्यांदा आपल्या लेकीला लावली. टेप जुनी, ताणली असेल, म्हणून दुसरी काढली. माप तेवढंच तोकडं आलं.

"त्यात काय एवढं?" सासूबाई म्हणाल्या. "आमचं घराणंच ठेंगणं. मला अजून मोरीवरच्या फळीला हात पुरत नाही. खाण तशी माती!"

शिंपीणबाईंना ते पटेना. दुसऱ्या दिवशी मशीन बंद ठेवून त्या चिमणीला दवाखान्यात घेऊन गेल्या. नर्सने पोरीला लाकडी फळीवर निजवून मापलं आणि विचारलं, "खाते काय?"

"डाळीचं वरचं पाणी. पातळ पचतं म्हणतात."

"आणि खालची डाळ?"

"ती ह्यांना. दिवसभर हमाली करतात ना."

"जुलाब होतात?"

"होतात की सारखे. दात येताना सगळ्यांनाच होतात."

"दातांवर कशाला ढकलता? पाण्यातून होतात, न धुतलेल्या हातांतून होतात. आणि दर वेळी पोरीची वाढ अडते." नर्स रागावली नव्हती. "पाणी उकळा. साबणाने हात धुवा. खालची डाळ हिला द्या, अंडं द्या. अजून दोन वर्षांची व्हायचीय, वेळ गेलेली नाही. पण आता थांबू नका."

परत येताना शिंपीणबाई भर रस्त्यात रडल्या. सगळ्या गल्लीची पोरं मापली आणि पोटच्या पोरीला विसरले, याचा त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला होता.

जेवताना त्यांनी पळी पातेल्याच्या तळाला घातली आणि घट्ट डाळ चिमणीच्या वाटीत वाढली.

"अगं, पोट बिघडेल तिचं!" सासूबाई ओरडल्या.

"आई, तुमच्या माहेरी खरंच सगळे ठेंगणे होते?"

"सगळे. म्हणजे, दादा सोडून. तो दारातून वाकून यायचा. पण तो आमच्यात कुठे वाढला? मावशीला मूल नव्हतं, तिने नेला त्याला. तिच्याकडे दुधाची म्हैस होती. आमच्याकडे मी सातवी. माझ्या वाट्याला पातेलं विसळून..."

 सासूबाई उठल्या, साबणाने हात धुऊन आल्या आणि नातीची वाटी पुढ्यात ओढून डाळ कुस्करायला लागल्या.

"आणि मला?" सासूबाईंच्या मुलाने, चिमणीच्या बापाने, ताट पुढे केलं.

"तुला वरचं पाणी. तू काही आता वाढायचा नाहीस."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. दुसऱ्या दिवसापासून डाळच मूठभर जास्त शिजू लागली. नळवालीकडे कोंबड्या होत्या. शिंपीणबाईंनी तिला सांगून टाकलं, "तुमच्या शिलाईचे पैसे नकोत, अंडी द्या."

वाढ काही लगेच दिसेना. मध्ये एकदा जुलाब झालेच आणि पोरगी पुन्हा सुकली. सासूबाईंना दम निघेना.

"उसव ना थोडा दाब. नळवालीला तरी दिसेल."

"टेप सांगेल तेव्हाच उसवेन," शिंपीणबाई म्हणाल्या.

असे कितीतरी महिने गेले. एका दुपारी चिमणी मशीनपाशी आली आणि टाचा उंचावून तिने वरचं रीळ खाली ओढलं. तिथवर तिचा हात कधीच पुरत नसे. शिंपीणबाईंनी टेप लावली. मग दुसरी लावली. मग त्या फ्रॉक मांडीवर घेऊन टाके उसवायला बसल्या. विटलेल्या कापडाखाली पिवळीधमक पट्टी उलगडत गेली.

सासूबाईंनी त्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"माझ्या आईनेही ठेवला होता गं दाब, माझ्या कपड्यांना. तो तसाच राहिला." त्यांनी डोळे पुसले आणि सुनेचा हात धरला. "थांब, सगळा उसवू नकोस. पुढे लागेल तिला."