मर्ल काही क्वीन्सलंडला जात नाही

आमच्या मालिकांमध्ये माणूस सहसा मरत नाही, तो दूर उत्तरेला, क्वीन्सलंडला जातो. नट महाग झाला, म्हातारा झाला किंवा निर्मात्याशी त्याचं बिनसलं, की त्याच्या पात्राला अचानक तिकडच्या बहिणीची आठवण येते. बॅग भरली जाते आणि पुढच्या सोमवारी त्याच्या स्वयंपाकघरात भलतंच कुणीतरी चहा करत असतं. 'बोरोनिया लेन' या आमच्या मालिकेतून इतकी माणसं क्वीन्सलंडला गेली होती की आमच्यातला एक जुना नट वासिली म्हणायचा, तिथे आता आपलीच एक गल्ली वसली असेल.

नोलीन प्राउस मात्र टिकली होती. ती वॉरागल गावची, दूधवाल्या शेतकऱ्याची मुलगी. मेलबर्नला येऊन बायकांचे केस कापायची आणि संध्याकाळी हौशी नाटकांत कामं करायची. 'बोरोनिया लेन'मध्ये तिला बोलावलं होतं ते एवढ्याशा कामासाठी. कोपऱ्यावरच्या मिल्क बारमध्ये, म्हणजे दूध-पाव-गोळ्यांच्या दुकानात यायचं, दूध नासकं निघालं म्हणून भांडायचं आणि निघून जायचं. पण नोलीनने बाटली नाकाशी धरली आणि असं काही तोंड केलं की कॅमेरावाला हसत सुटला. दूध नासलं की काय होतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं! लेखकांनी तिला परत बोलावलं, मग पुन्हा बोलावलं, आणि होता होता तो मिल्क बारच तिच्या नावावर करून टाकला. तेव्हापासून ती मर्ल. मर्लने गल्लीतल्या पोरांना उधार लॉली, म्हणजे साखरेच्या गोळ्या दिल्या, दोन नवरे पुरले, दुकानाला लागलेली आग विझवली आणि सगळ्यांच्या भानगडी गल्ल्यामागे उभं राहून ऐकल्या. रस्त्यात नोलीनला नोलीन म्हणून हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. दंतवैद्यसुद्धा म्हणायचा, "मर्ल, आ कर."

मग मालिका एका अमेरिकन कंपनीने विकत घेतली आणि लॉस एंजेलिसहून ब्रेडन आला. पोरगा वाईट नव्हता हो. दात पांढरेशुभ्र, सगळ्यांची नावं पाठ, दुसऱ्यासाठी दार धरून उभा राहायचा. त्याने नोलीनला केबिनमध्ये बोलावलं. चेहरा असा, की जणू तिचाच दात काढायचाय.

"नोलीन, आम्हाला सगळ्यांना असं वाटतंय की मर्लची गोष्ट आता पूर्ण झालीय. तिने बहिणीकडे क्वीन्सलंडला जावं. छान, शांत शेवट. तुमची काही हरकत नाही ना? तुम्हाला चालेल?"

नोलीनला ते मुळीच चालणार नव्हतं. पण समोरचा पोरगा इतका घामेजला होता की तिला त्याचीच दया आली. ती शांतपणे म्हणाली, "हो, नाही."

तिच्या मते विषय संपला. ब्रेडनच्या मतेही संपला. तो ताडकन उठला, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, "थँक यू! तुम्ही किती मोठ्या मनाच्या आहात!" नोलीनला वाटलं, काय गुणी मुलगा आहे, नकारसुद्धा किती छान घेतो. घरी जाताना तिने खुशीत एक मीट पाय, म्हणजे खिमा भरलेली गरम पेस्ट्री घेतली आणि गाडीतच खाल्ली.

पुढच्या आठवड्यात संहिता आली. मर्ल बॅग भरते. मर्ल किल्ली देते. मर्ल दिवा मालवते.

नोलीन ते कागद घेऊन तडक वासिलीच्या खोलीत शिरली. वासिली कोन्डोस मालिकेत शेजारचा प्लंबर नेव्हिल व्हायचा. अस्सल ग्रीक माणूस, पण एवढी वर्षं नेव्हिल म्हणून नळ दुरुस्त करत होता.

"अरे, मी नाही म्हणाले होते त्याला! तोंडावर नाही म्हणाले!"

"नेमकं काय म्हणालीस, नोल?"

"म्हणाले, हो, नाही."

वासिलीने कपाळावर हात मारला. "अगं बये, तो अमेरिकन आहे! आपल्याकडे 'हो' म्हणजे तुझं ऐकलं आणि 'नाही' म्हणजे नाही. त्या बिचाऱ्याने 'हो' ऐकलं आणि तिथेच सुटला. पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही."

नोलीनने ब्रेडनला फोन लावला. तो लॉस एंजेलिसला गेला होता. त्याच्या मदतनीस बाईने सांगितलं की पुढचे भाग लिहून झालेत, मिल्क बारच्या जागी व्यायामशाळा येणार आहे आणि तिथला देखणा ट्रेनरही ठरलाय. वर म्हणते कशी, "ब्रेडन सगळ्यांना सांगतात, नोलीन किती आनंदाने तयार झाल्या!" हेच त्याने वर्तमानपत्रालाही सांगितलं होतं. फोटो छापला होता, खाली लिहिलं होतं, 'आता वेळ झाली, म्हणते आपली मर्ल.'

इथे मात्र नोलीनचं डोकं फिरलं. काढून टाका, तुमची मालिका आहे. पण मी खुशीने गेले असं म्हणता? बासष्टाव्या वर्षी बाईला या धंद्यात दुसरं काम कोण देतं? फार तर गुडघ्याच्या मलमाची जाहिरात. मर्ल गेली की नोलीनही गेली, हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि त्या रात्री ती उशीत तोंड खुपसून रडली. सकाळी उठली ती तणतणतच.

निरोपाच्या सीनला ब्रेडन मुद्दाम परत आला. येताना भला मोठा केक घेऊन आला. वर साखरेची दुधाची बाटली. सीन छोटाच होता. नेव्हिल विचारतो, "मग नक्की जातेस, मर्ल?" मर्ल म्हणते, "हो." दोघं मिठी मारतात, मर्ल दिवा मालवते, खलास. टॅक्सीचा खर्च वाचवायला तिचं प्रत्यक्ष जाणं दाखवायचंच नव्हतं.

दिग्दर्शिका ग्लेनिसने सुरू करायला सांगितलं. वासिली पुढे झाला.

"मग नक्की जातेस, मर्ल?"

नोलीनने दुकानभर नजर फिरवली. लॉलींच्या बरण्या, दुधाचा फ्रिज, गल्ल्यावरची तिची कोपर टेकायची उशी. मग तिने वासिलीच्या डोळ्यात बघून अगदी हळू म्हटलं, "हो... नाही."

वासिली कसलेला गडी. पापणी लवली नाही त्याची. त्याने तिला मिठीत घेतलं आणि तिच्या कानात पुटपुटला, "भवाने!" तिने दिवा मालवला.

माइक धरणारा छताकडे बघत होता, मेकअपची बाई ओठ चावत होती. ग्लेनिस वळून ब्रेडनकडे बघायला लागली. ब्रेडन डोळे पुसत होता!

"अप्रतिम," तो म्हणाला. "ती क्षणभर अडखळली ना, तेच तर सोनं आहे! याला हात लावू नका."

"तू म्हणशील तसं," ग्लेनिस म्हणाली आणि घाईघाईने पुढच्या सीनकडे वळली. संकलकाने पाहिलं, तो पोट धरून हसला आणि साहेबांच्या हुकमाप्रमाणे कशालाही हात न लावता भाग पुढे पाठवून दिला. एवढ्या मोठ्या इमारतीत एकानेही त्या पोराला काही सांगितलं नाही. लबाड आहेत आमची माणसं, काय सांगू.

भाग दाखवला गेला आणि जो गोंधळ उडाला, विचारू नका. रेडिओवर सकाळी सकाळी चर्चा, मर्ल नाही म्हणाली! खाटकाच्या दुकानात, पबमध्ये, फुटीच्या, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या सामन्याला, जिथे तिथे तेच. "ऐकलंस ना? साफ नाही म्हणाली ती." पुढच्या सोमवारी पडद्यावर देखणा ट्रेनर वजनं उचलत आला, तर लोक खवळले. हा कोण टोणगा? मर्ल कुठाय? जायला नाही म्हणाली होती, मग हिला नेलं कुणी? जीलाँगच्या एका आजीने तर खऱ्या पोलिसांना फोन केला. चॅनेलची फोन उचलणारी मुलगी रडकुंडीला आली.

ब्रेडन सगळ्यांना एकच सांगत होता, "पण ती हो म्हणालीय! मी स्वतः ऐकलंय!" शेवटी त्या फोनवाल्या मुलीनेच त्याला खुर्चीत बसवलं, तो सीन लावला आणि समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो नोलीनच्या घरी आला. ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती.

"तुम्ही मला फसवलंत," तो म्हणाला.

"मी?" नोलीनने ओली चादर झटकली ती थेट त्याच्या तोंडापर्यंत. "दोनदा नाही म्हणाले मी तुला. दोन्ही वेळा तू हो ऐकलंस. माझं अर्धंच ऐकून मला घरी बसवायला निघालास, आणि म्हणे मी फसवलं!"

पोरगा लाल झाला. मग खाली पडलेला चिमटा उचलून त्याने तिच्या हातात दिला. "चुकलं माझं. मी नीट ऐकायला हवं होतं. परत याल? दुकान परत बांधतो. पहिल्यासारखं, अगदी सगळं तसंच."

हे ऐकायला तिचे कान आतुर झाले होते. तिला त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. पण तिने चादरीला चिमटा लावला आणि म्हणाली, "तसंच नको."

"म्हणजे?"

"एवढी वर्षं मी गल्ल्यामागे उभी राहून दुसऱ्यांची लफडी ऐकतेय. मर्लची गोष्ट पूर्ण झाली म्हणालास ना? अरे, सुरूच कुठे झालीय ती! मला प्रेमप्रकरण पाहिजे. चांगलं दणदणीत."

ब्रेडनने अगदी सावधपणे, एकेक शब्द तोलत विचारलं, "कुणाशी?"

"नेव्हिलशी. नळ दुरुस्त करायला येतो म्हणे. माझ्याकडे एक नळ दरवर्षी नऊदा बिघडतो, तुला कधी शंका आली नाही?"

हे कळल्यावर वासिली कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "बायकोला विचारावं लागेल." बायको म्हणाली, "जा बाबा, घे एकदाचं त्या मर्लचं चुंबन. आमच्या चर्चमधल्या सगळ्या बायका वाट बघतायत."

सुतारांनी व्यायामशाळा उखडली. मिल्क बार पुन्हा उभा राहिला. नोलीन सेटवर आली तेव्हा आरशासमोरून, दिव्यांखालून, जिन्यावरून सगळे गोळा झाले आणि टाळ्या वाजवत राहिले. ती गल्ल्यामागे जाऊन उभी राहिली आणि मग तिचा बांध फुटला. हमसून हमसून रडली. आनंदाने रडली, कुणापासून लपवलं नाही. मेकअपची बाई धावत आली, तर तिला बाजूला सारून नोलीनने पालथ्या हाताने डोळे पुसले.

"बस्स झालं आता, लागा कामाला," ती सगळ्यांवर ओरडली. "माणूस चुंबन घ्यायला खोळंबलाय."